खांबाचा राग

वर्तमानपत्रातल्या लेखात तिच्या नवऱ्याला पिठाचं पोतं म्हटलं होतं, आणि ते तिला वाचून कोणी दाखवलं, तर खुद्द नवऱ्यानेच. ती तेव्हा दुकानात मशीनवर बसून एका दवाखान्याच्या पडद्यांना दुमड घालत होती. बॉक्सिंगमधल्या चॅम्पियनचा पुतळा स्टेडियमसमोर बसवायचं घाटत होतं, म्हणून लेख आला होता. हेवीवेट गटात इतकी वर्षं राज्य केलं म्हणता, पण बाबांनो, हरवलं कोणाला, असा एकंदर सूर. लेखकाने एकेका प्रतिस्पर्ध्याची सालं काढली होती. कोणी उतारवयाचा, कोणी हलक्या गटातून फुगवून आणलेला. आणि 'खांब' म्हणून ओळखला जाणारा तो एक, तो तर मार खायला उभं केलेलं पिठाचं पोतं.

"पिठाचं कशाला?" खांब हसून म्हणाला. "माझं तेव्हाचं वजन बघता वाळूचं तरी म्हणायचं."

तिच्या हातून शिवण भलतीकडे गेली. तिने मशीन थांबवलं.

"तुम्हाला हसू येतंय?"

"अगं, लिहिणारा माणूस. त्याला काहीतरी लिहायला हवं."

ह्या माणसाला राग कसा तो यायचाच नाही. लग्न झाल्यापासून ती दोघांच्या वाटणीचं एकटीच रागावत आली होती. त्याला खांब म्हणत, कारण तो पडत नसे. आयुष्यात एकदाच पडला, तो ह्या चॅम्पियनसमोर, आठव्या फेरीत. जबडा तुटला. डॉक्टरांनी तो तारेने बांधून टाकला, आणि नवीन लग्न झालेल्या बाईने नवऱ्याला नळीने सूप पाजत दिवस काढले. डावा कान गेला तो गेलाच. खेळ सुटला, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, शेवटी तो तिच्याच दुकानात कापड कापायला आणि गिऱ्हाइकांच्या घरी पडद्यांचे दांडे बसवायला लागला. आणि एवढं होऊन त्या चॅम्पियनबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा. 'असा खेळाडू पुन्हा होणे नाही,' म्हणायचा. कोणी वाकडं बोललं तर त्याची बाजू घेऊन भांडायचा. बायकोशीही भांडायचा, तेवढ्यापुरता आवाज चढायचा आणि लगेच उतरायचा.

तिला कळत होतं ते का. चॅम्पियन मोठा, तर त्याच्याकडून हरलेलाही अगदीच ऐरागैरा ठरत नव्हता. त्याच्या जन्माची पुंजी ती एवढीच, आणि आता एक उंटावरचा शहाणा तीही काढून घ्यायला निघाला होता.

लेखावरून बराच गदारोळ झाला आणि आठवड्याभरात टीव्हीवाल्यांचा फोन आला. चर्चा ठेवली होती, चॅम्पियन खरंच थोर होता की नुसता नशीबवान. लेखक येणार होता, स्वतः चॅम्पियन येणार होता, आणि त्याच्याशी लढलेला कोणीतरी हवा होता.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"तो माझ्या शेजारी बसणार आहे," खांब म्हणाला. त्याने आधीच कोट बाहेर काढला होता. "बाजू उसवून थोडा सैल करून दे ना."

तिने दात-ओठ खात कोट उसवला आणि सैल करून दिला. मग स्वतःही बरोबर निघाली. त्याला तिथे एकट्याला सोडायची तिची छाती होत नव्हती.

स्टुडिओत मरणाची थंडी होती. जमिनीवर वायरी चिकटपट्टीने दाबून बसवल्या होत्या. मेकअपच्या खोलीत खांबाच्या गालाला एक मुलगी पावडर लावत होती आणि शेजारच्या खुर्चीत चष्मा काढून बसला होता तो लेखक. ओळख झाल्यावर तो उठून उभा राहिला.

"मी खांब, तुम्ही स्तंभलेखक," खांब त्याला म्हणाला. "म्हणजे आपण भाऊबंदच."

लेखक मनापासून हसला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, गैरसमज नको. व्यक्तिशः काही नव्हतं त्यात."

"नाव कोणाचं छापलं होतंत?" तिने विचारलं.

"माझा मुद्दा चॅम्पियनबद्दल होता."

"म्हणजे मारायचं होतं त्याला आणि दगड म्हणून ह्यांना उचललंत."

लेखकाने चष्मा डोळ्यांवर चढवला. खांबाने तिच्या कोपराला हात लावला, तो नेहमी लावायचा तसा, पुरे म्हणून.

चर्चा सुरू झाली. ती कॅमेऱ्यांच्या मागे, प्रेक्षकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी पहिल्या रांगेत बसली. चॅम्पियन काठी टेकत आला, जड झालेला, पण हसणं अजून पूर्वीचंच, सगळा मांडव आपलाच असल्यासारखं. त्याने खांबाच्या पाठीवर थाप मारली. खांबाचा चेहरा असा फुलला की तिला बघवेना.

लेखकाने आपलं म्हणणं मांडलं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. त्या काळचा सर्वांत धोकादायक मुष्टियोद्धा म्हणजे एक डावखुरा. त्याच्याशी चॅम्पियन एकदाही लढला नाही. आज लढू, उद्या लढू करत डावखुऱ्याची उमेदीची वर्षं सरली. त्याच्याऐवजी समोर कोण आणलं, तर थकलेले, जायबंदी, किंवा ज्यांचा ठोसा कोणी मनावर घेत नव्हतं असे.

निवेदिकेने खांबाकडे पाहिलं.

"त्या डावखुऱ्याशी मी लढलोय," खांब सावकाश म्हणाला. जबडा तुटल्यापासून तो शब्द जपून टाकायचा. "पूर्ण दहा फेऱ्या. बरोबरीत सुटली. तुमच्या लेखात ते नव्हतं."

"तेव्हा डावखुरा नवखा होता," लेखक म्हणाला.

"मीही नवखाच होतो. आणि ऐका, मी दोघांचेही ठोसे खाल्लेत. डावखुऱ्याचा दुखायचा. ह्यांचा," त्याने चॅम्पियनकडे हात केला, "ह्यांचा कळायचाच नाही. कळायचं ते उठल्यावर. हे त्याच्याशी लढले असते तर जिंकले असते. मी सांगतो ना."

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. तिलाही वाटलं, बरं झालं आलो. निवेदिका खुशीत चॅम्पियनकडे वळली.

चॅम्पियनने घसा साफ केला. "खरं सांगू का? ह्या साहेबांचं एका बाबतीत बरोबर आहे. माझ्यासमोरचे दुबळे होते. पण तो काय माझा गुन्हा? चांगले होते ते मला भिऊन पळायचे. मग कोणाशी तरी लढायलाच हवं. आणून उभे केले की मी लढायचो. मलाही कंटाळा यायचा हो." त्याने खांबाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता ह्याचंच घ्या. भला माणूस आहे. पण ह्याच्या लढतीसाठी मी धड सरावही केला नव्हता."

खांब हसतच होता. मघाचं हसू चेहऱ्यावरून काढायचं राहून गेलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवेदिकेने जाहिरातींसाठी थांबायचं सांगितलं, दिवे थोडे मंद झाले, आणि ती उठून वायरी ओलांडत सरळ चॅम्पियनसमोर जाऊन उभी राहिली.

"सराव केला नव्हतात?"

"वहिनी, टीव्ही आहे," चॅम्पियन हळू आवाजात म्हणाला. "असं बोलावं लागतं. पुतळ्याचं अडलंय तिकडे."

"मग आता परत सुरू झालं की दुसरं बोला. सातव्या फेरीत तुमचे पाय लटपटत होते आणि तुम्ही ह्यांना मिठी मारून उभे होतात, ते बोला. पंच ओढून काढत होता आणि तुम्ही सोडत नव्हतात. मी पुढच्या रांगेत होते. मी बघितलंय."

चॅम्पियनने काठीवरचे हात बदलले. "कशाला आता जुनं उकरायचं," तो म्हणाला आणि निवेदिकेकडे बघायला लागला, कोणी ह्या बाईला घेऊन जाईल का म्हणून. लेखक मात्र पुढे सरसावून ऐकत होता.

खांबाने कॉलरचा माईक काढला आणि खुर्चीवर ठेवला. "चल," तो म्हणाला. "घरी चल."

 रस्ताभर ती बोलत होती. मी म्हणत होते, मला ठाऊक होतं, हा माणूस पहिल्यापासून असाच. दुकानापर्यंत आले, तिने कुलूप उघडलं आणि पुन्हा म्हणाली, "सांगत होते ना जाऊ नका."

"गप्प बस."

असं तो तिला कधीच बोलला नव्हता. ती वळली. तो कापडाच्या टेबलाशी उभा होता, दोन्ही मुठी टेबलावर, आणि मान लाल झाली होती.

"सराव केला नव्हता म्हणतो. मी केला होता. आई तिकडे शेवटच्या घटका मोजत होती आणि मी सरावाच्या शिबिरात दोरीवर उड्या मारत होतो, कारण एवढ्या मोठ्या माणसासमोर उभं राहायचं होतं. तिला अग्नी द्यायलाही पोचलो नाही. आणि ह्याला कंटाळा आला होता." त्याचा आवाज फाटत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "उभा जन्म त्याची हमाली केली मी. लोकांशी भांडलो, तुझ्याशी भांडलो."

"मी तेच तर त्याला—"

"आणि तू! तुला कोणी सांगितलं होतं मध्ये यायला? मी बोलणार होतो. सातव्या फेरीचं मीच बोलणार होतो, दिवे लागले की, सगळ्यांदेखत. तू आधी जाऊन बोललीस. मग मी तिथे काय बायकोच्या पाठीमागून बोलायचं? त्याने मला पोतं केलं, त्याचं ठीक. तूही उचलून बाजूला ठेवलंस."

  पडद्यांचे गठ्ठे, कात्र्या, मापाची फीत, सगळीकडे तिची नजर फिरली, त्याच्याकडे जाईना.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली.

"चुकलंच," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

कार्यक्रम लागला तेव्हा त्यात खांबाचं एकच वाक्य ठेवलं होतं, हे लढले असते तर जिंकले असते. सातव्या फेरीचा अर्थातच पत्ता नव्हता. पुतळा मंजूर झाला. लेखकाने दोनदा फोन केला, त्या मिठीबद्दल लिहायचं होतं. दोन्ही वेळा तिने सरळ फोन नवऱ्याच्या हातात दिला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "आधी डावखुऱ्याशी बरोबरी झाल्याचं छापा. मग सातव्या फेरीचं बघू." ते छापून आलं, आतल्या पानावर, दोन ओळींत. खांबाने फोन करून विचारलं की पोतं पहिल्या पानावर होतं, मग हे आत का. त्यानंतर लेखकाचा फोन आला नाही.

खांबाचा राग मात्र गेला नाही. तो सकाळी त्याच्याबरोबर उठायचा, दुकानात यायचा. गिऱ्हाइकाने उगाच घासाघीस केली की तो बोलून दाखवायचा. जन्मभर तिने ह्याच रागाची वाट पाहिली होती, आणि आता तो घरात येऊन बसल्यावर त्याला कुठे ठेवावं ते तिला सुचत नव्हतं. हळूहळू तीच गिऱ्हाइकांशी गोड बोलायला शिकली.

एकदा एका घरी दोघं दांडा बसवत होती. भिंत भुसभुशीत निघाली, खिळा धरेना, आणि तो वर शिडीवर उभा राहून भिंतीला, घर बांधणाऱ्याला, मग फिरून चॅम्पियनला शिव्या घालायला लागला.

"आता बास करा हो," ती खालून म्हणाली. "किती दिवस चालायचं हे?"

"तू जन्मभर रागावलीस," तो वरून म्हणाला. "मी तुला कधी विचारलं?"

 शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली, आणि त्याने भिंतीत दुसरीकडे भोक पाडायला घेतलं.