प्रिंटर चालला की भोंगा लवकर

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात हिंगण्याच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात साडेचारचा भोंगा कधी चार वीसला, कधी सव्वाचारला वाजायला लागला, आणि पहिले पंधरा दिवस त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वेळेआधी सुटी झाली म्हणून गाऱ्हाणं घालणारा कामगार नागपूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

भोंगा वाजवत होता कॉम्प्युटर. मालक महादेवराव यांना काटे बनवता बनवता स्वतःचा कॉम्प्युटर बनवायची हौस आली होती. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा त्यांनी ते ऑफिसात काचेच्या खोलीत मांडलं आणि आल्यागेल्याला कौतुक दाखवता यावं म्हणून कारखान्याचा भोंगाही त्यालाच जोडून टाकला. यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम चंद्रभान नावाच्या इंजिनिअरने दोन वर्षं खपून लिहिली होती. त्याच्या हाताखाली उत्तरा. यंत्राला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलणारा प्रोग्रॅमचा तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचं काम तिच्याकडे होतं. ‘पोरगी ड्रायव्हर लिहिते’ असं तिची आई नागपूरच्या महाल भागातल्या घरी सगळ्यांना सांगायची, आणि शेजारच्या यमुताई दर खेपेला काळजीने विचारायच्या, की एवढं शिकून पोरीला ट्रकवर काहून घातलं.

आषाढात नवा, वेगाने छापणारा प्रिंटर आला. त्याचा ड्रायव्हर उत्तराने आठ दिवसांत लिहिला आणि त्याचा तिला अभिमान होता. चार ओळींची चिठ्ठीसुद्धा तो चर्रकन बाहेर फेकायचा. कामगारांनाही त्याची गोडी लागली. स्टोअरची यादी झाली, पॅकिंगची झाली, मग सुट्यांची यादी झाली. पोळा तोंडावर आला तेव्हा कुणीतरी आपल्या गावातल्या साऱ्या बैलांची नावं छापून मागितली. हे लोक आपल्या ड्रायव्हरवर इतके खूश आहेत हे पाहून उत्तराने एकालाही नाही म्हटलं नाही.

एके दिवशी महादेवराव एका बड्या गिऱ्हाइकाला घेऊन सव्वाचारला कारखान्यात शिरले, तर समोरून सगळा कारखाना डबे हलवत बाहेर येत होता. भोंग्याची जबाबदारी रुपराव या टाइमकीपरची. तो कन्हानहून यायचा, आणि रोज सकाळी रेडिओच्या वेळेला यंत्राचं घड्याळ मिळवायचा. रोज सकाळी ते पुढे गेलेलं सापडतं, असं त्याने दोनदा चंद्रभानला सांगितलंही होतं, पण त्याच्याच मनगटावरचं घड्याळ मागे पडत असेल, असं चंद्रभानचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी रुपरावच्या हातात लेखी खुलासा मागणारी चिठ्ठी पडली. तोच काटा पुढे सरकवतो, असा मालकांना संशय होता.

चंद्रभान म्हणाला, माझं घड्याळ आजवर एका सेकंदानेही चुकलेलं नाही. उत्तरा म्हणाली, माझा तर घड्याळाशी संबंधच नाही.  रुपराव सकाळभर चिठ्ठीची घडी करत आणि उलगडत बसला.

दुपारी जेवणाच्या सुटीत पॅकिंगमधली मनकर्णाबाई उत्तराच्या टेबलापाशी आली. इकडेतिकडे पाहून तिने विचारलं, “उत्तराताई, रुपरावची नोकरी जाईन का वं?”

उत्तरा म्हणाली, सांगता येत नाही.

 मनकर्णा म्हणाली, “तुमचा तो प्रिंटर चालला का भोंगा लवकर होते. अर्धा घंटा छापलं का पंधरा मिनिटं. मले तर पयल्याच हप्त्यात समजलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“काहून सांगू? सारे लवकर घरी जाऊन राहिले होते ना. पण आता त्या गरिबावर आलं, म्हणून सांगून राहिली.”

बैलांच्या नावांचा उलगडा उत्तराला तिथल्या तिथे झाला. आपल्या ड्रायव्हरच्या गुणांवर लोक लुब्ध झाले नव्हते, हे कळल्यावर तिला जे वाटलं ते तिने गिळलं आणि ती काचेच्या खोलीत गेली. मनगटावरचं घड्याळ काढून तिने यंत्राशेजारी ठेवलं आणि छापायला लांबलचक यादी लावली. तिच्या घड्याळात दहा मिनिटं झाली तेव्हा यंत्राच्या घड्याळात पंधरा झाली होती.

मग तिने स्वतःचाच ड्रायव्हर उघडला. बोर्डावर ठोके देणारी एक चिप होती. नव्या प्रिंटरला जुन्या ठोक्यांतून हवा तो वेग नीट निघत नव्हता, म्हणून तिने छपाई सुरू होताना चिपचा वेग दीडपट केला होता आणि छपाई संपल्यावर शहाण्यासारखा परत खाली आणला होता. पण त्याच चिपचे ठोके मोजून चंद्रभानचा प्रोग्रॅम वेळ ठरवायचा. ठोके दीडपट झाले हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तो बिचारा इमानाने मोजत राहिला.

चंद्रभानला तिने हे दाखवलं तेव्हा तो आधी भडकला, मग स्वतःचा प्रोग्रॅम उघडून बसला. वेग परस्पर बदलता येतो, ही वाट आपणच उघडी ठेवली, हे त्याच्याही लक्षात आलं होतं.

मालकांकडे ती एकटीच गेली. चूक माझ्या ड्रायव्हरची आहे, रुपरावजींनी काट्याला हात लावलेला नाही, असं तिने सरळ सांगितलं. महादेवरावांनी चिठ्ठी मागे घेतली, पण समजून घेतल्याशिवाय ते तिला सोडेनात. ती ठोके, भागाकार असं काहीबाही सांगू लागली. एव्हाना दारात येऊन उभ्या राहिलेल्या रुपरावने मग तिला सोडवलं. “एका विहिरीवर दोघांचे पाट हायेत, मालक. एकानं बिनासांगता मोटर वाढवली, तं दुसऱ्याच्या वाफ्यात पूर येणारच.”

दुरुस्तीला चार दिवस लागले. चिपला कुठल्याही ड्रायव्हरने परस्पर हात लावायचा नाही असं ठरलं. ती एका छोट्या प्रोग्रॅमच्या ताब्यात दिली. ज्याला वेग बदलून हवा त्याने या प्रोग्रॅमकडे मागणी करायची. मग प्रोग्रॅमने चिप वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, कुणाचं अडत असेल तर सरळ नकार द्यायचा. नसेल अडत, तर वेग बदलून सगळ्यांना कळवायचं, म्हणजे ज्याने त्याने आपला भागाकार, किती ठोक्यांचा एक सेकंद तो हिशेब, नव्याने मांडावा. अर्धा कोड चंद्रभानने लिहिला, आणि तो उत्तराच्या अर्ध्यापेक्षा चांगला होता, हे तिने मनात कबूल केलं.

सोमवारी प्रिंटर दोन तास चालवला. भोंगा साडेचारच्या ठोक्याला झाला. खूश होऊन महादेवरावांनी सगळ्यांना समोसे वाटले. मग उत्तराला जरा बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, हा वेग दीडपट होतो, तसा थोडा कमीही करता येत असेल ना? जेवणानंतर भोंग्यापर्यंत, म्हणजे उगाच एक विचारतो.

“येतो की,” उत्तरा म्हणाली. “फक्त बदलला की तो प्रोग्रॅम सगळ्यांना कळवतो.”

महादेवराव हसले, आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात कुणीही काही छापायला आलं नाही. प्रिंटरवर मनकर्णाने फडकं टाकून ठेवलं.