घनसाळचा माळा

कळंब्यात राहायला येऊन हंबीररावांना वीस वर्षं झाली, पण डोक्यातला पाऊस अजून राधानगरीचाच. भिंतीत फट दिसली की ती बुजवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. जीपच्या गॅरेजवर पोटमाळा बांधला तेव्हा त्यांनी एकही खिडकी ठेवली नाही. वर पत्रा. एप्रिलातल्या दुपारी तिथं चढलेला माणूस घामानं निथळतच खाली येई.

यंदा त्या माळ्यावर त्यांच्या सुनेनं, निशिगंधानं, माहेरचं बियाणं ठेवलं. आजऱ्याकडच्या बारा बायकांचं घनसाळ भाताचं बी, बारा पोती. माहेरच्या घराचं छप्पर उतरवलेलं, म्हणून मे अखेरपर्यंत सांभाळते असं तीच बोलून बसली होती. घरात जागा नाही, गॅरेजात खाली उंदीर. राहिला माळा.

निशिगंधा मोजून-मापून वागणारी. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि आठवड्यानं मोड मोजायचे. मार्चात शहाण्णव दाण्यांना मोड आले, एप्रिलच्या मध्याला अठ्ठ्याऐंशी. ऐंशीच्या खाली गेलेलं बी पेरण्याच्या लायकीचं नाही. तसं झालं तर बारा बायकांची रानं रिकामी, आणि हिला माहेरची वाट बंद.

"मामा, माळ्याला हवा पायजे," ती सासऱ्यांना म्हणाली.

"भात काय श्वास घेतंय व्हय?"

"घेतंय की."

हंबीररावांनी बायकोकडं पाहिलं. बयाबाई भाजी निवडत होत्या. "घेत आसंल. तुमच्यागत घोरत न्हाय एवढंच."

कोपऱ्यावर मोटारी दुरुस्त करणारा प्रसेनजीत आला. त्यानं छपराखाली उंचावर एक्झॉस्ट पंखा बसवला आणि उत्तरेच्या भिंतीत खाली तीन झरोके पाडले. "गरम हवा वरनं जाणार, गार खालनं येणार. वहिनी, चार दिवसांत फरक बघा."

चार दिवसांत पारा सेहेचाळीसवरून पंचेचाळीसवर आला, आणि पोत्यांना डिझेलचा वास लागला. हंबीरराव दिवसातून तीनदा पारा बघायला वर जात. सुनेपेक्षा एक खेप जास्त. "एका अंशासाठी माझी भिंत फोडली," असं ते ज्या सुरात सांगत, त्यात दुःख फारसं नव्हतं.

प्रसेनजीत परत आला आणि त्यानं उदबत्ती पेटवली. ती झरोक्यांच्या बाजूला धरली, तर धूर जागचा हलेना. गॅरेजातून माळ्यावर चढायच्या भोकापाशी धरली, तर धूर सरळ वर धावला. "वहिनी, पंखा खालच्या जीपची हवा ओढतोय. झरोक्यातनं काय येतच न्हाय."

पोती बाजूला सारली. तिन्ही झरोक्यांत खताच्या रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या, कडा आत दुमडून, अगदी निगुतीनं. इतकं निगुतीचं काम त्या घरात एकच माणूस करतो. सगळे त्याच्याकडं बघू लागले.

"वळीव येतोय," हंबीरराव म्हणाले. "पाणी आत आलं आसतं म्हंजे? बी पोत्यातच रुजलं आसतं की."

यात खोटं काही नव्हतं, आणि निशिगंधाला तेच पटलं. दुसरी एखादी भांडली असती. हिनं कामाला लावलं. "मामा, तुमच्या गावात पाऊस आडवा येतोय. तरी चुलीचा धूर भायर जातोय आन् पाणी आत येत न्हाय. ते कसं?"

राधानगरीच्या पावसाबद्दल विचारल्यावर हा माणूस रुसून बसू शकत नाही. "तिरकी टोपी लागती. तोंड खाली. तुमास्नी कोण सांगणार?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः पत्रा वाकवून तीन टोप्या ठोकल्या, आत उंदरांसाठी जाळी. चढायच्या भोकाला घट्ट झाकण बसवलं, म्हणजे बुजवायची हौसही भागली. दुसऱ्या दिवशी छपरावर उसाचं पाचट वीतभर पसरून जुन्या जाळीनं आवळलं. तिसऱ्या दुपारी पारा पस्तीस. हंबीररावांनी तो दोनदा झटकून पाहिला. वळीव आला तेव्हा ते माळ्यावर बॅटरी घेऊन बसले होते. थेंब आला नाही.

मे संपता संपता आजऱ्याहून क्रांतीताई टेम्पो घेऊन आल्या. बारा बायकांत या म्होरक्या. यांचा दुसऱ्याच्या मोजण्यावर विश्वास नाही. आठ दिवसांपूर्वी प्रत्येक पोत्यातली मूठ मागवून त्यांनी शंभर दाणे घरीच भिजवले होते. ते फडकं पिशवीतून काढून त्यांनी परातीत उलगडलं.

"मी मोजतो," हंबीरराव म्हणाले, आणि कुणी हो म्हणायच्या आत बसले. मोड आलेला एकेक दाणा बाजूला सारत साठ झाले, सत्तर झाले. निशिगंधा दाराला टेकून उभी. ऐंशीवर ते थांबले.

"फुडं हाय का न्हाय?" बयाबाईंनी विचारलं.

"हाय की. दम तर खाऊ द्या."

सत्त्याऐंशी. एप्रिलात अठ्ठ्याऐंशी होते; ऐन मे महिन्यानं शंभरातला एकच दाणा नेला होता.

क्रांतीताईंनी राहिलेले तेरा स्वतः पुन्हा तपासले. मग निशिगंधाकडं वळल्या. "माहेरचं छप्पर झालंय तुझ्या. पण फुडच्या साली बियाणं हितंच ठेवायचं म्हणतोय आमी."

"मामांना विचारा."

"बारा कशाला," हंबीरराव म्हणाले, "वीस पोती बसत्यात वर."

निशिगंधानं पदर खोचला. बारावं पोतं तिनं स्वतः खांद्यावर घेऊन टेम्पोत चढवलं. कुणाला हात लावू दिला नाही.