आभाची प्लेट

"परत एकदा," दत्तप्रसाद म्हणाला. गाडीचं इंजिन चालूच ठेवून त्याने समोरचा आरसा वळवला. आता त्यात मागच्या सीटवरची आभा दिसत होती. "हॅव यू एव्हर हॅड ब्रेसेस बिफोर?"

"नो."

"नुसतं नो नको. नुसतं नो म्हटलं की माणूस विचार करून बोलतोय असं वाटतं. नो, नेव्हर. आणि लगेच. हसून."

"पण फार हसू नकोस हं," पुढच्या सीटवरून अनुराधा म्हणाली. "डाग दिसतात."

आभाने खिडकीबाहेर बघितलं. दुबईतल्या कराम्याच्या त्या गल्लीत दुपारच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. क्लिनिकच्या पाटीवर एक भलामोठा पांढरा दात हसत होता.

"नो, नेव्हर," ती म्हणाली.

"शाब्बास. यल्ला, उतरा."

आभा चौदा वर्षांची होती आणि तिचे दात बापावर गेले होते. दत्तप्रसादचे पुढचे दात आणि वरचा ओठ यांचं जन्मात कधी पटलं नाही. शाळेत त्याला फावड्या म्हणत. बोलताना तो तोंडावर हात धरायचा. मिशी फुटली तशी त्याने ती वाढवली, आणि नोकरीत, लग्नात, पासपोर्टवर तो कायम मिशीमागे राहिला. मुलीला ती सोय नव्हती. वर्गातली मुलं तिला रॅबिट म्हणतात हे कळलं त्या दिवशी तो जेवला नाही, हे खरं आहे. बापाची माया खोटी नव्हती. पण ती नेहमी स्वस्तातला रस्ता शोधायची.

दुबईतल्या डॉक्टरने तारांचे पंधरा हजार दिराम सांगितले होते. "म्हणजे साडेतीन लाख!" दत्तप्रसाद तिथेच मोठ्याने म्हणाला होता. आखातातल्या मराठी माणसाचे दात आणि डोळे जुलैतच दुखतात, कारण जुलैत तो पुण्यात असतो. तेव्हा आभाच्या तारा पुण्यात लागल्या, चार-पाच पट स्वस्तात. दर महिन्याला दाखवायला या, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि दत्तप्रसादने हो हो म्हणून मान हलवली. महिन्याचं घट्ट करणं काय, इकडे कोणीही करून देईल! कोणीही दिलं नाही. दुसऱ्याने सुरू केलेल्या कामाला इथलं एकही क्लिनिक हात लावेना. मग शाळेला सुट्टी लागली की पुणं, आणि मधल्या काळात गालात रुतणारी तार अनुराधा नेलकटरने तोडायची.

तरीही दात ऐकत होते. वर्षभरात ते इतके मागे गेले, की एका मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या फोटोत आभा चक्क तोंड उघडून, डोळे मिटून हसताना सापडली. तो फोटो तिने फोनच्या पडद्यावर लावून ठेवला होता.

आणि त्याच सुमारास दत्तप्रसादच्या कंपनीत दातांचा जादा विमा आला. पगारातून थोडे पैसे कापून घ्यायचे, मुलांच्या तारांचाही खर्च मिळणार. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीच्या कँटीनमध्ये एचआरच्या लॅन्सीने त्याला सगळं समजावून सांगितलं.

"दत्ता, घेऊन टाक. पण ट्रीटमेंट चालू असेल तर खलास, एक पैसा नाय मिळणार. सहा महिने वेटिंग. आणि दात सिव्हिअर पायजे. थोडेफार वाकडे नाय चालत."

लॅन्सीने हे सावध करायला सांगितलं होतं. दत्तप्रसादने ते कृती म्हणून ऐकलं. तारा काढायच्या, सहा महिने थांबायचं, दात आपोआप पूर्वीच्या जागी जातील, आणि मग इथेच, नीट, दर महिन्याला, विम्यावर. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. दत्तप्रसादने तर बैल सोडून देऊन गोठ्याचा विमा उतरवला.

पुण्याचे डॉक्टर भडकले. अर्धवट काम मोडायला लावता, पोरीच्या तोंडाशी खेळता का, म्हणाले. शेवटी तारा काढल्या. त्या चिकटवल्या होत्या तिथे दातांवर चौकोनी डाग राहिले. मग त्यांनी आभाच्या हातात एक निळी डबी दिली. आत गुलाबी प्लेट होती.

"दिवसरात्र घालायची," ते दत्तप्रसादकडे न बघता तिला म्हणाले. "दातांना जुनी जागा आठवत असते. ही असली की ते जात नाहीत."

तिने घातली. जेवताना काढायची, धुऊन परत घालायची. निघायच्या आदल्या दिवशी अनुराधा म्हणाली, "दे माझ्याकडे, मी माझ्या बॅगेत नीट ठेवते." तिने दिली.

अजमानच्या घरी बॅगा उघडल्या तेव्हा निळी डबी नव्हती.

"आजीकडेच राहिली वाटतं," अनुराधा म्हणाली.

आभाने सगळ्या बॅगा पलंगावर पालथ्या केल्या. मोजे उलटे करून बघितले. "मम्मा, प्लीज कॉल आजी. प्लीज." अनुराधा फोन घेऊन बाल्कनीत गेली. काचेच्या दाराआडून आभा बघत होती, म्हणून तिने फोन कानाला लावला आणि कोणालाही न लावलेल्या फोनमध्ये म्हणाली, "हो का? कपाटामागे पण बघितलंत? बरं. असू दे, असू दे." तिच्या आवाजात खरोखरीची हळहळ होती. आपल्याला हे इतकं चांगलं जमेल असं तिला वाटलं नव्हतं.

आभाने आठवडाभर विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. मुलं विसरतात, अनुराधाला हायसं वाटलं. डबी तिच्या पर्समध्ये होती. टाकून द्यायला हात होत नव्हता. तिलाही पैसे पडले होते. गौरी उठल्या, मुखवटे पुसून मऊ कापडात बांधले, तेव्हा तिने ती डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि मुखवट्यांच्या स्टीलच्या डब्यात तळाशी सरकवली. तोंडातली उष्टी वस्तू देवीच्या डब्यात! तिच्या सासूबाईंनी हे बघितलं असतं तर त्या दिवसभर पाणी प्यायल्या नसत्या. पण कपाटाच्या वरच्या फळीवरचा तो डबा पुढच्या भाद्रपदापर्यंत घरात कोणी उघडत नाही. दोघी माहेरवाशिणींच्या खाली लेकीची प्लेट निजून राहिली.

मग दात निघाले परत. दर रविवारी दत्तप्रसाद आभाला खिडकीशी उभं करायचा आणि चिकू पिकला का बघावं तसा हनुवटीला धरून बघायचा. "आले ना थोडे पुढे? अनु, बघ ना. आलेत." त्याच्या आवाजात आशा असायची. आभा तोंड उघडून उभी राहायची. फोनच्या पडद्यावरचा फोटो कधी बदलला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. हल्ली ती बोलताना तोंडावर हात धरायला लागली होती. दत्तप्रसादला ती खोड ओळखू आली. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

क्लिनिकमधल्या डॉक्टर करेन वसईच्या निघाल्या. फॉर्मवरचं आडनाव वाचून त्यांनी सरळ मराठीच सुरू केलं. खोटं बोलायची तयारी सगळी इंग्रजीत झाली होती.

"याआधी कधी तारा लावलेल्या का गं?"

"नो, नेव्हर," आभा म्हणाली. लगेच. हसून. फार नाही.

डॉक्टरांनी आरसा आत घातला, हवेच्या नळीने दात कोरडे केले आणि दिवा जवळ ओढला.

"हे डाग कसले? प्रत्येक दाताच्या मधोमध. चौकोनी चौकोनी."

हा प्रश्न गाडीत झाला नव्हता. दत्तप्रसादचा हात मिशीकडे गेला. अनुराधाने पर्सची चेन उघडली आणि परत लावली. डॉक्टरांनी बोट बाहेर काढायची वाट बघून आभा शांतपणे म्हणाली,

"बोअरवेल वॉटर. ॲट माय ग्रँडमदर्स प्लेस. व्हेन आय वॉज स्मॉल. एव्हरीवन देअर हॅज इट."

डॉक्टरांनी मान वळवली. "हो का, ताई?"

"हो ना," अनुराधा म्हणाली. "पाणी फारच वाईट तिकडचं."

डॉक्टर आभाकडे बघत राहिल्या. आभाही त्यांच्याकडे बघत राहिली. नजर शेवटी डॉक्टरांनीच हटवली.

"सिव्हिअर आहे," हातमोजे काढत त्या म्हणाल्या. "अप्रूव्हलला पाठवते. पण जागाच उरलेली नाही. वरचे दोन दात काढावे लागतील."

"किडलेत?" अनुराधाने विचारलं.

"नाही. चांगले आहेत."

पुण्याच्या डॉक्टरांनी एकही दात काढला नव्हता. ते तिघांनाही आठवलं.

"काढायचं कव्हर होतं ना?" दत्तप्रसादने विचारलं.

"होतं."

"मग काढा."

गाडीत बसल्यावर त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "बोअरवेल! अगं काय डोकं आहे पोरीचं! माझी तर हवाच गेली होती. बेटा, कसं सुचलं तुला?"

"आय डोंट नो. इट जस्ट केम."

"वकील होणार ही," तो अनुराधाला म्हणाला. शारजापर्यंत तो ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दर वेळी तेवढाच हसत होता. मागच्या सीटवर आभा जिभेने वरचे दात एकेक करून चाचपत होती. कुठले दोन ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

विम्याचं अप्रूव्हल गुरुवारी आलं. दत्तप्रसाद येताना पेढे घेऊन आला. दारातच त्याने फोन काढला आणि बोर्डात आलेल्या पोराचा निकाल वाचावा तसा मेसेज वाचून दाखवला. सिव्हिअर हा शब्द त्याने दोनदा वाचला. अनुराधाने देवापुढे साखर ठेवली, निरांजन लावलं, हात जोडले. मग तिने पेढा आभाच्या तोंडाशी नेला. आभाने तो हातात घेतला, तोंडावर हात धरून खाल्ला आणि आपल्या खोलीत गेली.

दत्तप्रसाद अंघोळीला गेला तेव्हा अनुराधा स्टुलावर चढली. आता परत तारा लागणार होत्या. जुन्या प्लेटचा कोणाला काही उपयोग नव्हता आणि कोणाला काही धोका नव्हता. डब्यात गौरी कापडात गुंडाळलेल्या होत्या. पिशवी तळाशी, तिने ठेवली होती तिथेच होती. गाठी सोडवताना तिला एकदम रडू आलं. लेकीशी आपण वाईट वागलो, फार वाईट वागलो, हे तिने मनातल्या मनात अगदी स्पष्ट म्हटलं. मग डोळे पुसले. सगळं सांगून टाकायची काही गरज नव्हती. वस्तू सापडली एवढं म्हटलं तरी पोरीला बरं वाटेल. अशा ओझ्याचाही तिने स्वस्तातला मार्ग काढला.

आभा पलंगावर पालथी पडून वाचत होती.

"आभा, बघ काय सापडलं! जुन्या बॅगेच्या कप्प्यात होतं गं, इतके दिवस. आणि आपण आजीला उगाच त्रास दिला."

आभाने मान वर केली. निळ्या डबीकडे बघितलं. तोंडावर हात धरला नाही.

"हूज इज इट?"

"अगं, तुझी! तुझी प्लेट!"

"नो, मम्मा," आभा म्हणाली. "आय नेव्हर हॅड ब्रेसेस."

लगेच. हसून. फार नाही.

अनुराधा डबी हातात घेऊन उभी राहिली. बाथरूममधून दत्तप्रसादच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. आभाने पुस्तकाचं पान उलटलं. एरवी ती घरात मराठीत क्वचितच बोलायची.

"गौरींच्या डब्यात ठेव परत," ती म्हणाली. "आणि पिशवीला दोन गाठी मार. उष्टी आहे ती."