घडीव की ओतीव?

मी एक जुना गोल्फचा दांडा आहे. सात नंबरचा. जन्मात एकदाही हिरवळ पाहिली नाही. भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोडाऊनचं शटर खाली येऊ नये म्हणून मला त्याच्याखाली टेकू म्हणून लावलेलं असतं. मित्रांनो, अशा नोकरीत स्वस्थपणा कसला?

दोन हजार सहा साली मी इथे आलो. सोबत हुबेहूब माझ्यासारखाच दुसरा सात नंबर होता. आमच्यातला एक तापवून, ठोकून घडवलेला. दुसरा साच्यात ओतलेला. कोण कोणता, ते फक्त आमच्यावरच्या चिठ्ठ्यांना ठाऊक. त्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. त्यांना दोन्ही एकाच चवीच्या लागल्या असाव्यात.

उंदरांना कामावरून काढता येत नसल्यामुळे सुपरवायझर दीपेशने देवरामला धरलं. देवराम हमाल, डोंगरातल्या पाड्यावरून चालत ड्युटीला येणारा. गिऱ्हाइकाला घडीवच हवाय, आज कोणता ते ओळखून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं दीपेशने बजावलं.

देवरामने आम्हा दोन्ही दांड्यांनी एकेक चेंडू मारून पाहिला आणि मला ओतीव ठरवलं.

"कशावरून?" दीपेशने विचारलं.

"हाताला कलतं. तो दुसरा आमच्या लोहाराच्या कोयत्यावानी लागतो."

मित्रांनो, तोवर मी स्वतःला घडीव समजत होतो. जन्माचं काही आठवत नव्हतं. पण मोठेपणाला आठवण कुठे लागते? मी आतून धुमसत राहिलो.

दीपेशला ते पटलं नाही, म्हणून फैसल्यासाठी आम्हाला भिवंडीच्या निजामपुऱ्यात नेलं. मालक केसरीनाथशेठ तिथे आपल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बसत. त्यांनी देवरामचे डोळे बांधले, समोर मागाचा एक मोडका लाकडी धोटा ठेवला आणि आम्हाला उलटसुलट क्रमाने त्याच्या हातात देत पाच वेळा मारून ओळखायला सांगितलं. भोवती चोवीस लूम खडखडत होते.

देवरामने मला धोट्यावर मारलं. घुटमळला. पुन्हा मारलं. कपाळावर घाम आला.

"शेट, हातास्नी काय आयकू येत न्हाय."

दीपेश म्हणाला, "हातांना कान कधी फुटले रे तुझ्या?"

सगळे हसले. मीही खूश झालो. मग देवरामने मूठ सदऱ्याला पुसून मला पुन्हा धरलं, आणि खुशी काही टिकली नाही.

तेवढ्यात लाइट गेली. भिवंडीत ती रोजच जायची, पण त्या दिवशी कामाला आली. लूम एकेक करून थांबले. इतकी शांतता झाली की शेठनाच अवघडल्यासारखं झालं.

"आता मार," ते म्हणाले.

माझ्या मनात आलं, या वेळी घडीवासारखं मऊ वाजावं. पण ओतीवाला ते जमत नाही.

टण्.

"ह्यो ओतलेला," देवराम म्हणाला. पाचही वेळा आमची गल्लत केली नाही त्याने. नोकरी टिकली.

धोट्याच्या लोखंडी टोकाने माझ्या तोंडावर ओरखडा उठला होता. माझा जोडीदार ट्रकने गिऱ्हाइकाकडे गेला, मला कोणी घेतलं नाही. आजही शटर अंगावर टेकलं की मी टण् वाजतो आणि दर वेळी कान देऊन ऐकतो. न जाणो, एखाद्या दिवशी निराळा वाजेन.

मित्रांनो, कोणालाही पारखण्याआधी भोवतीचा खडखडाट थांबवा. आणि जमलं तर मला थोडं तेल लावा. गंजही उंदरांसारखाच, घडीव-ओतीव विचारत नाही.