"तुमी व्हा पुढे"

मी कुमसाराची फळी बोलतेय. कुमसार म्हणजे फादरांपुढे केलेली पापांची कबुली. ती करताना माणसं जिच्यावर गुडघे टेकतात, ती मी. खाडीकाठची शेतं टाऊनशिपला गेली, तशी बांधावरची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी लाकडी झडप, बिनकामाची झाली. तिच्यातूनच तुर्भ्याच्या हिरामण सुताराने मला काढलं, रंधा मारला, कुठे टोचत नाही ना ते चार वेळा हात फिरवून पाहिलं.

तेव्हा, १९७९ साली, वाशीत आमचं चर्च उभं राहिलं नव्हतं. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, व्हायची. त्याआधी फादर खुर्ची टाकून कुमसार ऐकायचे, शेजारी मी. माझ्यावर बोललेलं फादर कुणाला सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण रांगेत घडलेलं सांगायला काय हरकत?

रांगेत पास्कू असायचा. मूळचा वसईचा, इथे कारखान्यात फिटर. त्याचा नंबर आला की तो मागच्याला म्हणायचा, "तुमी व्हा पुढे." असं करता करता मिस्साची घंटा व्हायची. सहा वर्षांत त्याचे गुडघे मला लागले नाहीत. लोक म्हणायचे, काय सज्जन माणूस! मला मेलीला हसू यायचं.

एकदा त्याच्या बायकोने, सिसिलने, कुमसार का टाळतोस म्हणून तिथेच त्याला धारेवर धरलं, तेव्हा माझं हसू विरलं. थोरल्या भावाशी, इनासशी, त्याचा वाटणीवरून अबोला होता. आई सिरियस असल्याची इनासची तार आली, तरी पास्कू रागात कारखान्यातली पाळी संपवूनच निघाला. पोचला तोवर आईला पुरून झालं होतं.

"पापं माफ झाली तर स्वर्गात जाईन, आन् आई तिकडं भेटेल," तो म्हणाला. "चार दिवस असते तर तोंड लपवून काढले असते. पण तिथं अनंतकाळ राहायचं हाय, सिसिल."

सिसिलने गुपचूप इनासला पत्र टाकलं. नोव्हेंबर हा आमचा मृतांसाठी प्रार्थनेचा महिना. त्यातल्या एका रविवारी पास्कू सवयीने, मागे न बघताच म्हणाला, "तुमी व्हा पुढे."

"नाय रे. तू हो. मी थांबतो."

इनास होता. पास्कू माझ्यावर टेकला की कोसळला, मला कळलं नाही. त्याच्यामागून इनासही टेकला. दोघे काय बोलले ते विचारू नका.

मिस्सा संपून हॉल रिकामा झाल्यावर इनास माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "पास्कू, मी तार केली तेव्हा आई गेली होती. आधी मुद्दामच कळवलं नाय. तू लगेच निघाला असतास तरी ती जिवंत भेटली नसती."

पास्कू गर्रकन त्याच्याकडे वळला. मला वाटलं, आता हात उगारतो.

"मला कुठं ठाऊक होतं ते?" तो म्हणाला. "मी तरी निघालो नायच ना. चल घरी, दादा. सिसिलनं मटण केलंय."

आता १९८८ उजाडलं. नव्या चर्चमध्ये गादीची फळी आली आणि मी मेणबत्त्यांच्या खोक्यांखाली पडलेय. एका कडेला वाळवी लागलीय. माझ्या नशिबी अनंतकाळ नाही, तुमच्या आहे. म्हणून विनवते, कुणाची क्षमा मागायची राहिली असेल, तर आजच जा. गुडघे टेकायला फळीच लागते असं नाही.