डाव्या खांद्याची शिवण

मी एक झोळी बोलतेय. बाळाला छातीशी बांधून घेतात ना, पट्ट्यांची आणि बकलांची, तसली. बोलतेय म्हणजे खरं तर कुजबुजतेय. माझ्या कुशीत सतत कोणीतरी झोपलेलं असायचं, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवयच लागली नाही. आणि दुसरं कारण म्हणजे मी भित्री आहे. पण माझी भीती उगाच नव्हती हो. माझ्या डाव्या खांद्यात काय दडलंय, हे साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खोलीत चाळीस शिलाई मशिनं, आणि प्रत्येक मशीनवरच्या बाईकडे माझ्यासारख्यांचा एकेकच अवयव. कोणी नुसते कंबरपट्टे शिवायची, कोणी नुसत्या पाठी. डावा खांदा शिवणारी बाई हातानं फार चांगली होती. खांद्याची पट्टी पाठीच्या कापडाला जोडताना एकाखाली एक तीन शिवणी मारायच्या, असा तिथला नियम. एक उसवली तर दुसरी, दुसरी उसवली तर तिसरी.

त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी तिचं बाळ तापानं फणफणलं होतं आणि सुट्टी व्हायला अजून तास होता. ती घड्याळाकडे बघत होती, मशीन चालत होतं. पहिली शिवण छान बसली. मग बॉबीनमधला खालचा दोरा संपला. शिवणकाम करणाऱ्यांना माहीत असेल, खालचा दोरा संपला म्हणून मशीन काही थांबत नाही. सुई वरखाली होत राहते, वरचा दोरा कापडावर पडत राहतो, आणि दिसायला शिवण दिसते. पण तिला खालून धरणारं कोणी नसतं. माझी दुसरी आणि तिसरी शिवण अशी, नुसती दिसण्यापुरती. पुढचा खांदा हातात घेतल्यावर तिला ते कळलं असणार, पण तोवर मी पुढच्या मशीनवर पोचले होते आणि तिथल्या बाईनं माझा खांदा अस्तरानं झाकूनही टाकला होता. तिचा मला कधी राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर माझेही डोळे घड्याळातच असते.

मग तपासणारे गृहस्थ आले. त्यांनी माझी बकलं दोनदा उघडमिट केली, वरून हात फिरवला आणि शिक्का मारला. मी घाबरून गप्प राहिले. अर्थात बोलायचं ठरवलं असतं तरी बोलणार कशी?

दुकानात मी दीड महिना खुंटीला टांगलेली होते. माणसं झोळी कशी निवडतात, हे मी तिथून पाहिलं. कोणी रंग बघतं, कोणी खिसे मोजतं. कोणी आरशासमोर उभं राहून स्वतः कसे दिसतो तेवढंच बघतं. बाळाला बरोबर आणणारे अगदी थोडे. बूट घेताना पाय घेऊन येतात, झोळी घेताना मात्र बाळ घरी!

ती दोघं बाळाला घेऊन आली, म्हणून मला आवडली. बाळ दोन महिन्यांचं. नाक बटणाएवढं, म्हणून बाबा तिला बटणच म्हणायचा. आई चष्म्याच्या दुकानात कामाला, सध्या रजेवर. बाबा लिफ्टदुरुस्तीवाला.

दुकानातल्या बाईंनी मला आईच्या अंगावर बांधलं आणि बटणला आत बसवलं. "बघा हं, मान खाली वाकवली की तिच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे. इतकी उंच हवी ती. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, मधे दोन बोटं बसली पाहिजेत, नाहीतर श्वास कोंडतो. चेहरा कायम तुम्हाला दिसला पाहिजे. आणि गुडघे बुडापेक्षा वर, बेडकासारखे."

"पाठ दुखत नाही हिनं. आणि ही बघ, लगेच झोपली," आई म्हणाली.

बाबानं मात्र मला काढून हातात घेतलं, बकल लावलं आणि दोन्ही हातांनी सगळा जीव काढून ओढलं. "बक्कल भक्कम आहे," तो म्हणाला. "हे सात जन्मात तुटायचं नाही."

खरंच होतं त्याचं. बक्कल कधीच तुटलं नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे, खांदा बघ, खांदा! पण त्यानं मला पिशवीत घातलं.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीची लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! ती लिफ्ट भलत्याच कंपनीच्या ताब्यात होती, त्यामुळे बाबाला तिला हात लावायची परवानगी नव्हती. जाता-येता जिना. दगडी, अरुंद, कडा झिजलेल्या पायऱ्यांचा. पहिल्याच दिवशी मी तो जिना मोजला. एकेका मजल्याला अठरा पायऱ्या. त्या मोजायची वाईट खोड मला तेव्हापासून लागली.

आईनं दुकानातल्या बाईंचा शब्द न् शब्द पाळला. निघताना पापी, मग दोन बोटं, मग गुडघे. बटणचा ऊन ऊन श्वास माझ्या कापडातून जायचा तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग लगेच डाव्या खांद्याची आठवण यायची.

रविवारी बाबाची मोठी बहीण यायची. आत्या जिवाला जीव देणारी, पण शहाणपणही तितकंच देणारी. एकदा तिनं बटणला माझ्यात घेतलं आणि वारा लागू नये म्हणून वरून जाड शाल पांघरली, थेट डोक्यावरून. आत अंधार झाला. बटणची मान गळली, हनुवटी छातीला टेकली. तिचा श्वास आधी घरघरला, मग हळू झाला. मी श्वास मोजत होते आणि एक आकडा यायला फार उशीर लागला. तेवढ्यात आईनं येऊन शाल ओढली.

"अहो ताई, तोंड झाकू नका तिचं!"

"अगं, आमच्या वेळी काय मुलं मोठी झाली नाहीत?"

आत्या फुरंगटली, पण पुन्हा तिनं तसं केलं नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की माझ्यात असलेलं बाळ आवाज न करताही जाऊ शकतं. त्यानंतर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

बाबा कामावरच्या गोष्टी जेवताना सांगायचा. एकदा म्हणाला, "लिफ्टचा दोर एकदम तुटत नाही कधी. आतली एकेक तार तुटत जाते. डोळ्याला दिसत नाही, फडक्याला कळतं. दोराभोवती फडकं धरायचं आणि लिफ्ट हळूहळू सोडायची. तुटली तार असली की फडकं अडकलंच." त्याच्या वस्तादानं त्याला आणखी एक शिकवलं होतं: वर चढलास की एक हात कामाला, एक हात आधाराला. कितीही घाई असली तरी आधाराचा हात सोडायचा नाही.

बटण सहा महिन्यांची झाली. आई कामावर रुजू झाली, आणि रोज सकाळी बटणला पाळणाघरात पोचवायचं काम बाबाकडे आलं. त्याची छाती रुंद, चाल दणकट. पायरी उतरताना प्रत्येक हिसका माझ्या डाव्या खांद्याला बसायचा. बाहत्तर पायऱ्या, बाहत्तर हिसके. तरी बाबाचा एक हात कायम बटणच्या बुडाखाली असायचा. आत्या हसायची. "हात मोकळे राहावेत म्हणून झोळी घेतली ना रे? मग हे काय? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तुझं तर पोळलंही नाही!"

"सवय आहे, ताई," बाबा म्हणायचा.

दात येऊ लागले तशी बटणला जे मिळेल ते ओढायची सवय लागली. एके दिवशी अस्तराच्या फटीतून माझ्या खांद्याचा एक दोरा बाहेर डोकावला. तो माझ्या पहिल्या, एकुलत्या एक खऱ्या शिवणीचा दोरा होता. बटणनं तो चिमटीत धरला आणि ओढला. तीन टाके सुटले. तिला गंमत वाटली, तिनं पुन्हा ओढला. ज्या बाळासाठी मी इतकी जीव मुठीत धरून होते, तेच बाळ मला खुशाल उसवत होतं!

पण मनातून मला आशाही वाटली. म्हटलं, आता तरी कोणाच्या नजरेला पडेल. आईची नजर गेलीच. तिचं काम नजरेचंच. ती म्हणाली, "ई, हे काय लोंबतंय!" कात्री घेतली, आणि नीटनेटक्या बाया करतात तेच केलं. दोरा अगदी कापडालगत कातरून टाकला. दोऱ्याबरोबर शेवटची गाठही गेली. मी पुन्हा सुबक दिसायला लागले. आता माझे टाके हळूहळू आपोआप सुटणार होते, आणि बाहेरून काही दिसणार नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. रोज चार-पाच टाके जायचे. अगदी बारीक आवाज व्हायचा, कट्. मला वाटायचं, सगळ्या इमारतीला ऐकू गेला असेल. बाबा शीळ घालत उतरत असायचा.

त्या सकाळी माझे अकरा टाके उरले होते. बाबाच्या उजव्या हातात पाळणाघराची पिशवी, डावा हात बटणखाली. चौथ्या मजल्याच्या खाली पोचतो न पोचतो तोच त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये दोन माणसं अडकली होती. बाबानं बटणखालचा हात काढला आणि फोन कानाला लावला.

"घाबरू नका म्हणावं. दार ओढू नका. मी निघालोय," तो पायऱ्या उतरत सांगत होता. त्या माणसांना धीर देत होता, आणि इकडे माझे टाके चालले होते. दहा. नऊ. वळणावर तीन एकदम गेले. बटण मान मागे टाकून वरच्या जाळीतून येणारा उजेड बघत होती. खाली सरळ जिना. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून धरून ठेवलं, पण झोळीत बळ ते कितीसं? जेवढा दोरा, तेवढंच. पाच. चार. मी म्हणत होते, अरे हात दे, हात दे, हात दे.

"आलोच," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला आणि हात पुन्हा खाली दिला.

पुढच्याच पायरीवर मी तुटले.

डावी पट्टी हातभर वर उडाली, माझी सगळी पाठ एका बाजूला लोळली आणि बटण उलटीच्या उलटी बाहेर घसरली. ती पडली नाही. बाबाच्या पंज्यावर थांबली. पिशवी गडगडत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. दुधाची बाटली शेवटच्या पायरीवर फुटली.

बटणला तो झोका वाटला. ती खुदकन हसली.

बाबा तिला छातीशी गच्च धरून पायरीवर बसला तो बसलाच. आवाजानं दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण बाहेर आली. तिला सातवा महिना होता. ती कठड्याला धरून वर आली, त्याला पाणी दिलं, पण तो बटणभोवतीचे हात सोडेना. ऑफिसला फोन करून दुसरा माणूस पाठवायलाही तिनंच सांगितलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी माझं अस्तर उसवलं. आत्याही धावत आली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिवणीच्या जागी नुसती भोकं होती.

"वरून तीन, आतून एक," बाबा म्हणाला.

आईनं एकेका भोकावरून बोट फिरवलं. "तो दोरा मी कापला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तू एक दोरा कापलास. मी तर बघितलंच नाही. दिवसभर लोकांचे दोर तपासतो मी, आणि घरचं काय बघितलं तर बक्कल!" बाबा म्हणाला.

थोड्या वेळानं आत्या डोळे पुसत म्हणाली, "झालं गेलं. देव पावला म्हणायचं. कापड तर नव्यासारखं आहे हो. दोन टिपा मारून घेते आणि खालच्या पोरीला देते. तिला उपयोग होईल."

ते ऐकलं आणि मी जिन्यातल्यापेक्षा जास्त घाबरले. पुन्हा सुबक होऊन, पुन्हा अस्तराखाली लपून, दुसऱ्या एका जिवाला घेऊन याच जिन्यावर? नको. माझ्या ओढलेल्या कापडावर कुठली शिवण किती दिवस टिकेल, हे मलाही सांगता येणार नव्हतं.

बाबा उठला आणि त्यानं मोठी कात्री आणली.

"अरे, चांगलं कापड आहे!" आत्या म्हणाली.

"ताई, बाद झालेला दोर आम्ही कधी नुसता फेकत नाही. त्याचे तुकडे करतो. नाहीतर कोणीतरी उचलतं, कुठेतरी बांधतं, आणि त्याला कोणी लटकतं. तिला नवी घेऊन देऊ. शिवण मी तपासेन, आतून बाहेरून."

त्यानं आधी पट्ट्या कापल्या, मग कंबरपट्टा. कात्री चालत होती तेव्हा मला भीती वाटली नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

शेजारणीला नवी झोळी मिळाली आहे, आणि बटण आता चालते. जिना उतरताना बाबाचं बोट धरते. तुम्ही झोळी घ्यायला जाल तेव्हा बाळाला घेऊन जा. पापी, दोन बोटं, गुडघे विसरू नका. बक्कल ओढून बघा, पण तिथेच थांबू नका. खांद्याशी बोट फिरवा. आणि लोंबता दोरा दिसला तर कापण्याआधी तो कुठून आला ते बघा. आमच्या जातीला तेवढीच एक खूण करता येते.

माझ्या पाठीचा तुकडा बाबानं टाकला नाही. तो त्याच्या हत्यारांच्या पेटीत असतो. लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या उंच, काळोख्या बोळात तो मला दोराभोवती धरतो आणि लिफ्ट हळूहळू सोडतो. खाली कुणाचं तरी बाळ, कुणाची तरी आई, कुणीतरी येणार असतं. मी अजूनही भिते. पण तुटलेली तार आली की मी अडकते, आणि बाबा थांबतो.