धुंडीचा पेला

आमच्या केंद्रात तोंडाचा वास घेतात. बाहेरून आलेल्याने फाटकातच थांबायचं, प्रभावतीताईंसमोर तोंड उघडायचं आणि जोरात श्वास सोडायचा. ताईंचं नाक असं की सकाळी खाल्लेला कांदा संध्याकाळी सांगतील. दारूचा वास आला की गाठोडं बाहेर. आणि एकट्याचं नाही, जोडीदाराचंही.

हा जोडीचा नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला देव जाणे. आर्णीच्या बाहेर बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये हे केंद्र आहे. दारूपायी घरदार सुटलेल्या, रस्त्यावर झोपणाऱ्या पुरुषांना इथे खाट मिळते, जेवण मिळतं आणि एक जोडीदार मिळतो. बाहेर जायचं तर दोघांनी जायचं. एक प्याला तर दोघंही रस्त्यावर. माझ्या वाट्याला गुलाबसिंग आला. साठीचा बंजारा, विचारलं तर बोलणारा, नाहीतर भिंतीकडे बघत बसणारा. याच्या जिवावर माझी खाट, या विचाराने माझा तिळपापड व्हायचा.

मी अमर. बँडात ढोल वाजवायचो. वरातीत पाजणारे पुष्कळ भेटतात, घरी पोचवणारा कोणी भेटत नाही. शेवटी यवतमाळच्या स्टँडवर पोतं अंथरून झोपत होतो. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या उशाला घेत होतो. केंद्रात आल्यावर त्या खाटेखाली ठेवून झोपायची सवय लागली. ती मला मोडायची नव्हती, बाकी काही नाही.

अशात होळीच्या तोंडावर गुलाबसिंगच्या मुलीचा, दीपाचा फोन आला. तिने बापाशी बोलणं टाकलं त्याला वर्षं झाली होती. तिला मुलगा झाला होता आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याची धुंड होती. बंजाऱ्यांत बाळाच्या पहिल्या होळीला अख्खा तांडा जमतो, बाळावर काठी आडवी धरतात, तिच्यावर काठ्या वाजवत त्याला आशीर्वाद देतात. दीपा म्हणाली, बापू, ये. पण पिऊन आलास किंवा इथे प्यालास तर पोराला हात लावू देणार नाही.

होळी, तांडा आणि मोहाची दारू. मी ताईंना स्पष्ट सांगितलं, "नका पाठवू. हा मानूस पिल्याबिगर येत नाही वापस."

"म्हणूनच तू जोडीला आहेस," ताई म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत या. नजर ठेव त्याच्यावर."

तांडा दिग्रसच्या बाजूला, माळावर. दीपाने बापाला लांबूनच न्याहाळलं, जवळ येऊन वास घेतला आणि मगच बाळ त्याच्या मांडीवर दिलं. म्हातारा पाषाणासारखा बसून राहिला. हलला तर बाळ काढून घेतील असं त्याला वाटत असावं. काठ्या वाजल्या, गाणी झाली, जेवणं झाली. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

सुटलो कसले! माणसं कडुनिंबाखाली बसली आणि कॅन आली. झाकण उघडलं तसा मोहाचा वास थेट माझ्या टाळूला भिडला. तोंडाला पाणी सुटलं. मी गुलाबसिंगकडे बघत राहिलो, म्हणजे कॅनकडे बघावं लागू नये.

तांड्याच्या नाईकाने, उत्तमसिंगने, स्टीलचा पेला काठोकाठ भरून त्याच्यासमोर धरला. पहिला मान बाळाच्या आज्याचा. त्यांच्या गोरबोलीत तो काय म्हणाला ते सगळं मला कळलं नाही, पण अर्थ कळला. मुलीच्या सासरच्या तांड्यावर, नातवाच्या धुंडीला, नाईकाच्या हातचा पेला नाकारायचा म्हणजे अख्ख्या तांड्याचा अपमान. जावई मान खाली घालून उभा होता. दीपा दारात बाळाला घट्ट धरून बघत होती.

गुलाबसिंगने पेला घेतला.

संपलं, मी म्हटलं. राग असा आला की त्याच्या कानाखाली वाजवावी. माझी खाट त्या पेल्यात बुडताना मला दिसत होती.

तो उठून उभा राहिला. पिण्याआधी आपल्या मेलेल्यांच्या नावाने जमिनीवर थोडी सांडायची, अशी त्यांची रीत आहे. धार देणं म्हणतात. तशी त्याने बापाच्या नावाने धार दिली. किसनसिंग. मग आईच्या नावाने. मग आज्याच्या. मग बायकोच्या, आणि तिचं नाव त्याने दोनदा घेतलं. मग भावांच्या, मग कोणाकोणाच्या. धार थांबेना. मेलेल्यांची नावं घेणाऱ्याला मध्ये टोकणार कोण? शेवटी त्याने पेला पालथा करून दाखवला. त्यात थेंब नव्हता.

नाईकाने पालथ्या पेल्याकडे बघितलं. मग हसला आणि मराठीत म्हणाला, "तुझे पुरखे लय तहानलेले होते, गुलाबसिंग." दारातून दीपा पुढे आली आणि खाली बसलेल्या बापाकडे तिने बाळ पुन्हा दिलं.

मी श्वास सोडतो न सोडतो तोच नाईकाने पेला परत भरला. "आता पाहुण्याले."

मी तो घेतला, हे खरं आहे. हाताने मला विचारलंच नाही. पेला छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. ताई, खाट, चपला, सगळं मागे कुठेतरी राहिलं आणि समोर फक्त तो वास होता.

गुलाबसिंगने माझा हात धरला नाही. त्याच्या मांडीवर नातू होता. त्याने हळूच विचारलं, "अमर, तुया मायचं नाव काय रे?"

"कायले?"

"सांग तं."

"भागीरथा."

"मंग दे तिले."

माझी माय गेली तेव्हा मी लग्नसराईत मारेगावकडे कुठेतरी ढोल वाजवत होतो. मोठ्या भावाला मी सापडलो नाही. त्यानेच सगळं आटोपलं. तिच्या नावाने मी कधी ओंजळभर पाणीसुद्धा सोडलं नव्हतं. मी पेला वाकडा केला. तो काठोकाठ भरलेला, निम्मी दारू बोटांवरून, बाहीवरून ओघळली. पण पेला रिकामा झाला. मी रडत होतो आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती.

खरा जीव गेला तो परतीच्या एसटीत. बोटं चिकट झाली होती. तांड्यावरच धुवायला हवी होती, पण तिथून पळ काढायच्या घाईत राहून गेलं. आता वास येत होता. एक बोट चाटलं तर काय होतं? कोणाला कळणार? हात आपोआप तोंडाकडे निघाला. तेवढ्यात गुलाबसिंगने माझं मनगट पकडलं आणि आपल्या गुडघ्यावर दाबून ठेवलं.

"सोडा ना काका, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

"नजर मले तुमच्यावर ठेवाची होती!"

"माह्यावर कायची नजर? मी दीपाले शब्द देल्ला होता. तुया शब्द घ्याले कोनी नाही, म्हून मले तुयी काळजी होती."

आर्णी येईपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही. मी चिडलो, हात ओढून बघितला. म्हाताऱ्याची पकड ढिली झाली नाही.

फाटकात ताई उभ्याच होत्या. आतली माणसंही हातातली कामं टाकून आली. गुलाबसिंगने श्वास सोडला. ताईंनी मान हलवली. मग मी समोर उभा राहिलो आणि श्वास सोडायच्या आतच ताईंचा चेहरा बदलला.

"दारू आहे, अमर."

ताईंनी माझी बाही हुंगली, मग बोटं. मागून कोणीतरी म्हणालं, गेले दोघं. मला पोतं दिसलं, स्टँड दिसला. आणि माझ्यापायी तिथे हा म्हाताराही दिसला. ज्याच्या मांडीवर दुपारी नातू होता, तो.

"ताई," गुलाबसिंग म्हणाला, "तोंडाले वास हाय का, ते पाहा."

ताई पुढे झाल्या. मी तोंड उघडलं. त्यांनी एकदा वास घेतला, परत एकदा घेतला.

"तोंडाला नाही," त्या म्हणाल्या. "मग हाताला कशाचा?"

"तो याच्या मायचा वाटा होता. तिले देऊन आला."

ताई फाटक उघडून बाजूला झाल्या. मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "हात धुऊन या. जेवण वाढायचं आहे."

मी नळावर गेलो. बोटं घासून घासून धुतली. मग तोटी बंद करायच्या आधी ओंजळ भरून घेतली आणि ती भागीरथाच्या नावाने जमिनीवर सोडली.